मामाजींचा नागझिरा

नागझिऱ्याच्या मुक्कामी तेव्हा विजेची तार पोचलेली नव्हती. त्या रानाचं निम्मं थोरपण मला यातच वाटत आलं आहे. दिवस मावळला की आधी तलावापलीकडची झाडं काळी पडत, मग तलावाचं पाणी, आणि शेवटी आपण बसलो ती पायरीही दिसेनाशी होई. उरत ते आवाज. शहरातल्या माणसाचा सगळा भरवसा डोळ्यांवर, त्यामुळे अशा काळोखात त्याला काही सुचत नाही. माझ्या मामाजींचं उलट होतं. अंधार पडला की ते निवांत होत. दिवसभर जे पायांनी फिरून बघितलं, ते रात्री कानांनी तपासून घेत.

मामाजी वनखात्यात नाकेदार होते. कागदोपत्री हुद्दा वनरक्षक. 2016 च्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर तलावाकाठच्या त्या जुन्या बंगल्याविषयी लिहावं लागतं, कारण माझ्या आठवणीत हे दोघं एकमेकांपासून वेगळे निघत नाहीत.

साकोलीहून नागझिरा वीस-बावीस किलोमीटर. पिटेझरीचा नाका ओलांडला की रस्ता सागाच्या आणि बांबूच्या मधून जातो, आणि हळूहळू दोन्ही बाजूंना पहाड्या उभ्या राहतात. आत पोचलं की डोंगरातून झिरपणारा बारमाही झरा, नागाचं ठाणं आणि तलाव. 1970 साली हे रान अभयारण्य झालं; क्षेत्र सुमारे 153 चौरस किलोमीटर. साग, ऐन, बिजा, धावडा, हळदू, तेंदू, मोह, बेहडा असं मिश्र, पानगळीचं जंगल. उन्हाळ्यात ते उघडंवाघडं होतं, आणि जून सरता सरता इतकं दाटतं की वीस पावलांवरचा गवा दिसू नये.

तलावाजवळ वनखात्याची विश्रामगृहं आहेत. निलय, लताकुंज, मधुकुंज अशी त्यांची नावं. आम्ही पोरं मात्र सगळ्यांना मिळून ‘बंगला’ म्हणत असू. सागाच्या तुळया, जाळी लावलेला व्हरांडा, भिंतीला टेकून ठेवलेल्या खाटा, पाण्याचा रांजण. याहून जास्त काही नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं.

मध्य प्रांताच्या जंगलांत असा बंगला म्हणजे वनखात्याचं एक हत्यारच होतं. कॅप्टन फोर्सिथनं 1862 साली पचमढीला ‘बायसन लॉज’ बांधलं, तिथून या प्रांतातल्या वनबंगल्यांची गोष्ट सांगता येते. पुढे 1878 चा वन कायदा आला, जंगलं राखीव झाली, आणि साहेबाला दौऱ्यावर मुक्काम करायला ठिकाणं लागली. मेळघाटात सिपना नदीच्या वरच्या अंगाला कोलकासचा बंगला आहे तो याच जातीचा. ज्यांच्या पिढ्या त्या रानात मोह वेचत, बांबू कापत आल्या, त्यांच्याकडून रान काढून घेतलं गेलं ते याच व्हरांड्यांतल्या टेबलांवर सह्या होऊन. हे विसरून या बंगल्यांवर प्रेम करता येत नाही. पण पुढे त्याच व्हरांड्यांत त्याच गावांतली माणसं चौकीदार म्हणून, मजूर म्हणून, नाकेदार म्हणून वावरली, आणि साहेब बदलत राहिले तरी ती टिकून राहिली. बंगला खरा जाणला तो त्यांनी.

मामाजींचं क्वार्टर बंगल्याच्या मागं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हाला घेऊन भावाकडे जाई. त्या काळी गोंदिया-नागभीड मार्गावर छोटी गाडी धावत असे. सौंदडला उतरायचं, साकोली गाठायची, आणि तिथून खात्याचं वाहन किंवा बैलगाडी मिळेल तसं. इतर मुलांना मामाच्या गावी आंबे असत, आम्हाला अस्वलं होती. बंगला रिकामा असला आणि वरून हरकत नसली की मामाजी आम्हाला जाळीच्या व्हरांड्यात झोपू देत.

त्यांची संध्याकाळ ठरलेली होती. चुलीतली चाळलेली राख ते वाटीत घेत. कंदिलाची काच काढून आधी कोरड्या फडक्यानं, मग राखेच्या चिमटीनं, मग पुन्हा कोरड्या फडक्यानं पुसत. हाताचा पंजा काचेत मावत नसे म्हणून फडकं काडीला गुंडाळत. वात कात्रीनं सरळ न कापता दोन्ही कोपरे किंचित उतरते ठेवत, म्हणजे ज्योत काचेला काजळी धरत नाही. रॉकेल गाळून घालत. हे करताना बोलत नसत. सगळे कंदील ओळीत उभे राहिले की एकच पेटवत आणि बाकीचे तसेच ठेवत. ‘‘बाकीचे कोनासाठी?’’ मी विचारलं होतं. ‘‘कोनी आला तं,’’ ते म्हणाले. जंगलात रात्री येणारा माणूस अडचणीतच आलेला असणार, हा त्यांचा हिशेब.

जेवण लवकर. चिन्नोरचा भात, लाखोरीची डाळ, कधी अंबाडीची भाजी. मग मामाजी तो एक कंदीलही बारीक करत आणि आम्हाला सांगत, ‘‘आता हू का चू नाई. आइका.’’

आम्ही ऐकत असू. आधी काहीच कळत नसे, नुसता किड्यांचा आवाज. मग त्यातून रातव्याचा एका तालातला ‘चक-चक-चक’ वेगळा निघे. पलीकडे कुठे घुबडाचा घुमारा. चितळ कुकलं की मामाजी मान वळवत आणि थांबत. एकदा कुकणं म्हणजे काही नाही. दोनदा, तीनदा, आणि मग दुसऱ्या बाजूनं दुसरं चितळ, म्हणजे काहीतरी चालतंय. ‘‘चितर उगाच भेते,’’ ते हळूच सांगत. ‘‘सांबर उगाच नाई भेत.’’ सांबराचा तो एकच मोठा भोंगा उठला की त्यांचा चेहरा बदले. हाक कुठून आली, किती वेळानं पुन्हा आली, मधलं अंतर वाढलं की कमी झालं, यावरून ते सांगत की जनावर पाण्याकडे उतरतंय की वर पहाडीत जातंय. सकाळी आम्हाला घेऊन जात आणि धुळीत ठसा दाखवत. आदल्या रात्री कानानं काढलेल्या वाटेवर ठसा सापडला की त्यांना आनंद होई, पण बोलून दाखवत नसत. ठशाभोवती काडीनं गोल ओढत आणि पुढे चालू लागत.

ठसे हा त्यांचा दिवसाचा अभ्यास. वाघांची देशभर मोजणी 1972 साली झाली ती पावलांच्या ठशांवरून, आणि पुढे बरीच वर्षं हीच पद्धत चालली. ठशावर काच ठेवायची, काचेवर पेननं रेघ ओढायची, मग ती रेघ कागदावर उतरवायची. मामाजी ओणवे होऊन हे करत तेव्हा त्यांचा श्वासही काचेवर पडू देत नसत. मागच्या पावलाचा ठसा घ्यायचा, पुढच्याचा नाही. नराचा पंजा चौकोनी बसतो, मादीचा लांबट. ओल्या मातीत ठसा पसरतो, म्हणून फार ओल असली तर तो सोडून द्यायचा. 2006 च्या गणनेपासून ही पद्धत मागं पडली आणि स्वयंचलित कॅमेरे आले. ते योग्यच झालं. वाघाच्या अंगावरचे पट्टे चुकत नाहीत, रेघ ओढणारा हात चुकू शकतो. पण ठशासाठी माणूस रोज पायी फिरत असे, आणि त्या फिरण्यात ठशाशिवाय आणखी शंभर गोष्टी त्याच्या नजरेखालून जात. कुठल्या धावड्याला या साली डिंक आला, कुठली वाट बंद पडली, कुठल्या उंबरावर हरियल उतरले, कुणी तारेचा फास लावून ठेवला. कॅमेऱ्यासमोरून गेलं तेवढंच कॅमेरा टिपतो.

एक सकाळ अजून डोळ्यांपुढे लख्ख आहे. उजाडता उजाडता तलावाकडून शिट्ट्यांसारखे आवाज आले. मामाजी उठून बसले आणि म्हणाले, ‘‘कोळसुंदे.’’ आम्ही जाळीपाशी गेलो. एक सांबर मादी तलावात पोटापर्यंत पाण्यात उभी होती. काठावर तांबूस रानकुत्रे, शेपट्या काळ्या झुपकेदार. दोघं-तिघं पाण्यात उतरत, पोहत जवळ जात. ती पुढचा पाय उचलून पाण्यावर आपटे, मग ते मागं फिरत. मामी चहाची कपबशी हातात धरून उभी होती, चहा निवून गेला. ती म्हणाली, ‘‘हाकला ना जी त्याइले.’’ मामाजींनी मान हलवली. ‘‘त्याइचे बी पिल्लं हायेत,’’ एवढंच म्हणाले. ऊन वर आलं तसे कुत्रे एकेक करून काठावर बसले, आडवे झाले, आणि कधीतरी उठून रानात गेले. सांबर मादी त्यानंतरही कितीतरी वेळ पाण्यातच होती. बाहेर आली तेव्हा तिचे पाय थरथरत होते. त्या दिवशी मामाजी तलावाकडच्या वाटेनं गेले नाहीत आणि आम्हालाही जाऊ दिलं नाही. तिला निवांत जाऊ द्यायचं होतं.

उन्हाळा हा नाकेदाराचा कसोटीचा काळ. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. झाडाखालचा पाचोळा जाळला की फुलं वेचायला सोपी, आणि तीच आग वाऱ्यानं पसरली की डोंगर पेटतो. मे महिन्यात तेंदूपत्ता. मामाजी जाळरेषा साफ करून घेत, रात्री-बेरात्री आग विझवायला जात, हातात ओल्या फांद्या आणि सोबत गावातलीच माणसं. ज्यांच्यावर खटले भरायचे तीही तीच आणि ज्यांच्या जिवावर आग विझायची तीही तीच. मामाजींना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कुणावर आवाज चढवलेला मी पाहिला नाही. परत येत तेव्हा भुवया होरपळलेल्या असत आणि अंगाला राखेचा वास. मामी पाणी तापवून ठेवी.

नागझिऱ्यानं मराठीला पुस्तकं दिली. व्यंकटेश माडगूळकर इथं येऊन राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं. किरण पुरंदरे 400 दिवस राहिले आणि ‘सखा नागझिरा’ झालं. शेजारच्या नवेगावबांधात मारुती चितमपल्लींनी नोकरीची वर्षं काढली, आणि तिथल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावं गोळा करून त्यांनी मराठीचा शब्दसंग्रह वाढवला. 18 जून 2025 रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं. या पुस्तकांचं ऋण मोठं आहे. ती वाचताना मी मात्र त्यांतल्या नाकेदारांना, चौकीदारांना, वाटाड्यांना शोधत राहतो. मामाजींजवळ जे होतं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. दोन पहाड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेला नाव होतं, एका वाकड्या खडकाला होतं, उन्हाळ्यात हाताएवढं पाणी राहणाऱ्या खड्ड्याला होतं. ही नावं वनखात्याच्या नकाशावर नसतात. तिथं कक्ष क्रमांक असतात. मामाजी आगीचा निरोप देताना क्रमांक सांगत आणि मामीला रात्री हकीकत सांगताना नावं.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. नागझिऱ्याचं मुख्य ठाणं तिकडं गेलं, पिटेझरी आमच्याकडे राहिली. कारभाराच्या दृष्टीनं ठीकच असेल. तरी भंडाऱ्याच्या माणसाला तो घाव बसला आहे, आणि मी तो अजून मान्य करू शकलेलो नाही. पुढे 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि आमच्या भंडाऱ्याचं कोका अभयारण्य त्यात एकत्र आले. कागदावर तरी रान पुन्हा एक झालं, याचं मामाजींना समाधान होतं.

तोवर ते निवृत्त होऊन साकोलीजवळच्या आपल्या गावी राहत होते. शेवटच्या वर्षांत त्यांचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. ज्या माणसानं सांबराच्या हाकेवरून वाघाची वाट सांगितली, त्याला अंगणातला कोंबडा ऐकू येईना. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण संध्याकाळी ओट्यावर बसत तेव्हा समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मागच्या झाडांकडे बघत. पाखरं एकदम उठली का, कुत्रा कान टवकारून कुठं बघतोय, शेळी चरायची का थांबली. ऐकता येत नव्हतं ते बघून भरून काढत.

त्याच दिवसांत जय नावाच्या वाघाची बातमी आली. जय नागझिऱ्याचा. 2013 मध्ये तो तिथून निघाला, गावं, शेतं, महामार्ग, वैनगंगा ओलांडत 100 किलोमीटरहून जास्त चालला आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात जाऊन राहिला. देशभर त्याचं नाव झालं. एप्रिल 2016 पासून तो दिसेनासा झाला. गळ्यातल्या कॉलरचा संदेश थांबला. वनखातं, गावकरी, स्वयंसेवक साऱ्यांनी रान पिंजून काढलं.

मामाजी वर्तमानपत्र गुडघ्यावर पसरून भिंगातून बातमी वाचत. मी गेलो की आधी खूण करून विचारत, सापडला का? मी मान हलवे. एकदा त्यांनी मला कागद-पेन मागितलं आणि एक वाट काढून दाखवली. कऱ्हांडला, पवनीकडचा भाग, नदी, मग साकोलीच्या अलीकडचा महामार्ग, आणि कोका. कोक्यापासून पुढे नागझिऱ्यापर्यंत बारीक रेघ. ‘‘एप्रिलात वैनगंगेले पानी कमी असते,’’ ते म्हणाले. कान गेल्यापासून त्यांचा आवाज मोठा झाला होता, शेजारच्या घरापर्यंत जाई. ‘‘वापस आला असंल. पहाडीत बसला असंल.’’ जुलै गेला, ऑगस्ट आला. शोध चालू होता, जय मिळाला नाही. पोळ्याच्या आधी मामाजी गेले. जय कधीच सापडला नाही.

नंतर मामीला घेऊन मी नागझिऱ्याला गेलो. तिनं स्वतः म्हटलं होतं, ‘‘एकडाव पाहून येतो मी.’’ ती तलावाकाठी फार रेंगाळली नाही. सरळ क्वार्टरच्या बाजूला गेली आणि विहिरीपर्यंतचं अंतर पावलांनी चालून बघितलं. ‘‘इथून पानी भरत होतो मी,’’ म्हणाली, ‘‘पोटात लेकरू असतानी बी.’’ मला तेव्हा जाणवलं की त्या रानातली नोकरी एकाची होती आणि राबणूक दोघांची. बंगल्यातल्या साहेबांचं पाणीही तिनंच भरलं होतं.

तिथं एक तरुण वनरक्षक मुलगी ड्यूटीवर होती. हल्ली गस्तीची नोंद मोबाइलमधल्या ‘एम-स्ट्राइप्स’ प्रणालीवर होते. ती मुलगी तेच भरत होती. मामीनं तिला विचारलं, आज कुठं फिरून आलीस बाई? तिनं पडद्यावरची वाट दाखवली आणि कक्ष क्रमांक सांगितला. मामीला क्रमांक समजेना. मुलीनं मग वर्णन केलं, दोन नाले मिळतात, तिथं मोठा कहू आहे, खाली सपाट दगड. मामीनं लगेच त्या जागेचं नाव सांगितलं. पुढच्या नाल्याचंही सांगितलं. त्या दगडावर मामाजी भाकर सोडत, हेही सांगितलं. मुलीनं मोबाइल बाजूला ठेवला, खिशातून छोटी डायरी काढली आणि म्हणाली, ‘‘आजी, पुन्हा सांगा. हळू सांगा.’’ दोघी पायरीवर बसल्या. चांगला तासभर ते चाललं होतं. निघताना त्या मुलीनं मामीच्या पाया पडून तिचा फोन नंबर मागून घेतला, आणि नंतर खरंच फोनही केले.

20 मे 2023 रोजी ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. मी ती बातमी मामीला वाचून दाखवली. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा की त्यांना कुठल्या बाजूला सोडलं, आणि मेच्या उन्हात तिथं पाणी आहे ना. बातमीत ते दिलेलं नव्हतं. त्या बाजूला उन्हाळ्यात पाणी कुठं टिकतं, हे मग तिनंच मला सांगितलं.

व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटकांचे कायमचे मुक्काम टप्प्याटप्प्यानं बंद करावेत, असं 2012 पासूनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वाघासाठी ते बरंच आहे. बंगले राहतील किंवा जातील; मला त्यांच्या तुळयांची काळजी नाही. काळजी आहे ती त्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं जागलेल्या माणसांची. साकोली, लाखनी, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव, गोरेगाव या तालुक्यांतल्या गावांत निवृत्त नाकेदार आहेत, रोजंदारीवर आयुष्य काढलेले वनमजूर आणि आगवाले आहेत, बंगल्यांवर स्वयंपाक केलेले खानसामे आहेत, आणि त्यांच्या बायका आहेत, ज्यांना कुणी कधी काही विचारलेलं नाही. वनखात्यानं त्यांना एकदा गाडीत बसवून रानात न्यावं आणि नकाशावर नावं भरून घ्यावीत. खर्च थोड्या डिझेलचा आहे. आणि खातं करील तोवर थांबायचं कारण नाही. तुमच्या गावात, नात्यात असं कुणी असेल तर या उन्हाळ्याच्या आत त्यांच्याकडे जा, वही घेऊन जा, आणि घरातल्या बाईशीही बोला.